पडद्यावरचे गुंड आणि पगारी नट

सिनेमा पाहून माणसं घराकडे परततात तेव्हा वाटेत कोणाबद्दल बोलतात? आधी अर्थातच नायकाबद्दल. त्याने मारामारी कशी केली, तो चालला कसा, बोलला कसा. पण घर जवळ येऊ लागलं की कोणीतरी मध्येच विचारतो, 'अन् तो बारक्या चणीचा, भेदरलेला, शेवटी फुकट मरतो तो? तो कोण होता रे?' त्याचं नाव कोणालाच ठाऊक नसतं. चेहरा मात्र सगळ्यांना आठवत असतो.

या भाषणात मला तुम्हाला या दोन्ही प्रकारच्या नटांची हकीकत सांगायची आहे. अमेरिकेत साधारण १९३० ते १९५८ या काळात गुन्हेगारीवरचे जे चित्रपट निघाले, त्यांतले प्रमुख नट आणि त्यांच्या आजूबाजूला उभे राहणारे दुय्यम नट यांची ही गोष्ट आहे. आता तुम्ही म्हणाल, हॉलिवुडच्या जुन्या गुंडांशी आमचा काय संबंध? संबंध एवढाच की, नट हाही अखेर पोटासाठी काम करणारा माणूस. कामाची वाटणी, कामाचा मोबदला आणि कामावरून उठवणं हे प्रश्न शेतात असोत, शाळेत असोत की स्टुडिओत, फारसे निराळे नसतात.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी होती. दारूबंदी आली की चोरटी भट्टी येते, आणि भट्टी आली की तिच्या धंद्यावरून हाणामारी येते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. शिकागो, न्यूयॉर्क या शहरांत टोळ्या माजल्या. त्यातच १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि लाखो माणसे बेकार झाली. याच सुमारास मूकपटांचे बोलपट झाले होते. बंदुकीचा बार, मोटारीचा कर्कश आवाज, गल्लीबोळातली भाषा हे सगळे आता ऐकू येऊ लागले. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने ही संधी हेरली आणि टोळीवाल्यांच्या कथा पडद्यावर आणल्या.

त्या काळी नट हा कंपनीचा पगारी नोकर असे. करार सहसा सात वर्षांचा. त्यात खुबी अशी होती की, ठराविक मुदतीनंतर नटाला काढून टाकण्याचा हक्क कंपनीला असे. नटाला मात्र कंपनी सोडता येत नसे. दिलेली भूमिका त्याने नाकारली तर त्याला बिनपगारी बसवीत, आणि तो बसलेला काळ पुन्हा सात वर्षांच्या शेवटी जोडीत. म्हणजे सालगड्याने एक दिवस काम नाकारलं तर त्या दिवसाची मजुरी तर कापायचीच, वर तो दिवस साल संपल्यावर भरूनही घ्यायचा, असा हा हिशेब होता. आपल्याकडेही चित्रपट कंपन्या नटांना करारावर ठेवीत, आणि कराराच्या तंट्यावरून शांता आपटे यांनी १९३९ साली पुण्यात प्रभात कंपनीच्या दारात उपोषण केले होते. तेव्हा ही तक्रार एकट्या हॉलिवुडची नव्हती.

या पगारी नटांत पहिले नाव एडवर्ड जी. रॉबिन्सनचे. जन्म १८९३, रुमानियातल्या बुखारेस्ट शहरात, एका यहुदी कुटुंबात. मूळ नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग. लहानपणीच आईबापांबरोबर तो न्यूयॉर्कला आला. उंची बेताची, चेहरा बेडकासारखा रुंद. नायकाचे एकही लक्षण अंगात नाही. पण १९३१ साली 'लिटल सीझर' या चित्रपटात त्याने रिको नावाच्या टोळीप्रमुखाचे काम केले आणि तो एकदम प्रसिद्धीला आला. प्रत्यक्षात हा माणूस शांत, अनेक भाषा जाणणारा आणि चित्रांचा मोठा शौकीन. बंदुकीचा बार झाला की त्याच्या पापण्या मिटत, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी त्या चिकटपट्टीने वर धरून ठेवाव्या लागत, अशी हकीकत सांगतात. पडद्यावर मात्र त्याच्या नुसत्या नजरेने माणसे चळाचळा कापत!

त्याच वर्षी 'द पब्लिक एनिमी' हा चित्रपट आला. त्यात प्रमुख काम एडवर्ड वुड्स या नटाला दिले होते आणि जेम्स कॅग्नी हा त्याचा जोडीदार होता. सुरुवातीचे चित्रण पाहिल्यावर दिग्दर्शक विल्यम वेलमनच्या ध्यानात आले की, वाटणी उलटी झाली आहे. त्याने दोघांच्या भूमिकांची अदलाबदल केली. कॅग्नी हा न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला, नाचाच्या ताफ्यातून वर आलेला पोरगा. तो या एका चित्रपटाने मोठा झाला. वुड्सचे नाव आज फक्त या अदलाबदलीच्या गोष्टीपुरते उरले आहे. नाटकवाल्या माणसांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गुण असतो हे खरं, पण तो दिसावा अशा जागी माणसाला कोणीतरी उभं करावं लागतं.

कॅग्नी नुसता पडद्यावरच भांडखोर नव्हता. कराराबाहेर जाऊन कंपनी आपल्याकडून जास्त चित्रपट करून घेते, म्हणून तो कोर्टात गेला, आणि १९३६ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे १९३८ साली तो चांगल्या अटींवर त्याच कंपनीत परतला. पण सर्वांच्या उपयोगी पडला तो यापुढचा निकाल. ऑलिव्हिया द हॅव्हिलंड या नटीने वॉर्नर कंपनीविरुद्ध दावा लावला, आणि १९४४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने ठरवले की, सात वर्षे म्हणजे पंचांगातली सात वर्षे. बिनपगारी बसवलेला काळ वर जोडता येणार नाही. ही नटी गुन्हेगारी चित्रपटांतली नव्हे, पण तिच्या खटल्याचा लाभ पडद्यावरच्या चोरांना आणि शिपायांना सारखाच झाला.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडली. गुंडांचे चित्रपट पाहून पोरं बिघडतात अशी ओरड झाली. तेव्हा चित्रपट धंद्याने स्वतःसाठी १९३० साली जी नियमावली केली होती, तिचा कडक अंमल १९३४ पासून सुरू झाला. गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे, त्याच्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, असा दंडक आला. गंमत पाहा, कंपनीने नट बदलले नाहीत, टोप्या बदलल्या. १९३५ साली कॅग्नी सरकारी पोलिस झाला आणि १९३६ साली रॉबिन्सनही पोलिसांच्या बाजूला आला. कालचा गुंड आज फौजदार!

मग गुंडाचे काम करणार कोण? त्या जागी आला हम्फ्री बोगार्ट. चांगल्या घरचा मुलगा, जन्म १८९९ चा. रंगभूमीवर 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट' या नाटकात त्याने फरारी खुन्याचे काम केले होते. त्याच नाटकाचा चित्रपट करताना कंपनीला त्या जागी रॉबिन्सन हवा होता. पण नाटकातला प्रमुख नट लेस्ली हॉवर्ड याने ठणकावून कळवले की, बोगार्ट नसेल तर मीही नाही. कंपनी नमली आणि १९३६ साली बोगार्टला जागा मिळाली. हे उपकार तो विसरला नाही. हॉवर्ड १९४३ साली युद्धात विमान पाडले जाऊन मरण पावला. पुढे १९५२ साली बोगार्टला मुलगी झाली, तिचे नाव त्याने लेस्ली ठेवले.

पण जागा मिळाली म्हणजे मान मिळाला असे नव्हे. पुढची चारपाच वर्षे बोगार्टने दुय्यम गुंडाचे काम केले. दुय्यम गुंडाचं काम म्हणजे काय, तर प्रमुख गुंडाच्या गोळीनं मरणं. 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' (१९३८) आणि 'द रोअरिंग ट्वेंटीज' (१९३९) या दोन्ही चित्रपटांत तो कॅग्नीच्या हातून मेला. रॉबिन्सनबरोबरही त्याची तीच गत. १९४१ साली त्याचे दैव फिरले, आणि ते फिरवले जॉर्ज रॅफ्ट नावाच्या दुसऱ्या नटाने. रॅफ्ट त्या वेळी बोगार्टपेक्षा मोठा. त्याने 'हाय सिएरा' नाकारला, तो बोगार्टला मिळाला. मग त्याने 'द माल्टीज फाल्कन' नाकारला, कारण तो काही महत्त्वाचा चित्रपट नव्हे असे त्याचे मत पडले. तोही बोगार्टला मिळाला. त्यानंतर 'डबल इन्डेम्निटी' ही रॅफ्टने नाकारला, आणि तो १९४४ सालचा एक नामांकित चित्रपट ठरला. नकार देण्याचा हक्क मोठा आहे, पण तो वापरायला पारख लागते.

आता वळू या दुय्यम नटांकडे, कारण 'माल्टीज फाल्कन' हा खरं तर त्यांचाच चित्रपट आहे. डॅशिएल हॅमेट या लेखकाची कादंबरी, आणि जॉन ह्यूस्टनचे दिग्दर्शनातले पहिले पाऊल. एका काळ्या पक्ष्याच्या मूर्तीमागे काही लोभी माणसे लागलेली असतात, एवढीच गोष्ट. त्यांचा म्होरक्या म्हणजे एक गोड बोलणारा लठ्ठ गृहस्थ. हे काम केले सिडनी ग्रीनस्ट्रीटने. तो इंग्लंडमध्ये १८७९ साली जन्मला. तरुणपणी चहाचा मळा करायला सिलोनला गेला. तिथे अवर्षणाने हात टेकले आणि घरी परतला. १९०२ साली रंगभूमीवर पाऊल ठेवले आणि जवळजवळ चाळीस वर्षे नाटके केली. चित्रपटात पहिले काम केले तेव्हा त्याचे वय किती असेल? ६१! त्या पहिल्याच कामाबद्दल दुय्यम नटांच्या ऑस्करसाठी त्याचे नाव सुचवले गेले. त्याची चित्रपटातली सगळी कारकीर्द आठ वर्षांची. १९४९ ला तो थांबला आणि १९५४ साली वारला. आठ वर्षांमागे चाळीस वर्षांची तालीम होती, हे मात्र पाहणाऱ्याला दिसत नाही.

त्याच्या शेजारी उभा राहणारा, मऊ आवाजाचा, मोठ्या डोळ्यांचा माणूस म्हणजे पीटर लॉरी. जन्म १९०४, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात. जर्मनीत १९३१ साली फ्रिट्झ लँगच्या 'एम' या चित्रपटात त्याने लहान मुलांचा खून करणाऱ्या विकृत माणसाचे काम इतके जिवंत केले की तो जगाला माहीत झाला. पण हिटलर सत्तेवर आला आणि यहुदी असलेल्या लॉरीला १९३३ साली जर्मनी सोडावी लागली. लंडनला हिचकॉकच्या चित्रपटात काम मिळाले तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हते. वाक्ये नुसत्या उच्चारांवरून पाठ करून त्याने वेळ निभावून नेली. अमेरिकेत १९३७ ते १९३९ या काळात मिस्टर मोटो या जपानी हेराचे काम त्याने आठ चित्रपटांत केले. ग्रीनस्ट्रीट आणि लॉरी ही जोडी पुढे नऊ चित्रपटांत एकत्र दिसली. देशोधडीला लागलेला माणूस परक्या भाषेत नऊ चित्रपटभर लोकांना भीती घालतो आणि हसवतोही, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि सुरुवातीला ज्याच्याबद्दल विचारलं, तो भेदरलेला, बारक्या चणीचा माणूस? तो एलिशा कुक ज्युनियर. 'फाल्कन'मध्ये त्या लठ्ठ गृहस्थाचा बंदूकधारी पोरगा तोच. या पोरग्याचं वय तेव्हा ३७ होतं! 'द बिग स्लीप'मध्ये (१९४६) तो ज्या बाईवर जीव टाकतो, तिचा खरा पत्ता मारेकऱ्याला सांगत नाही. खोटा पत्ता देतो आणि विष पिऊन मरतो. 'द किलिंग'मध्ये (१९५६) तो बायकोने हिणवलेला, शर्यतीच्या मैदानावरचा रोखपाल आहे. पडद्यावर त्याला जवळजवळ नेहमी मार खावा लागला किंवा मरावे लागले. प्रत्यक्षात तो ९१ वर्षे जगला आणि १९९५ साली वारला. कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात राहून तो मासे धरी, आणि काम आले की स्टुडिओला त्याच्याकडे माणूस धाडावा लागे, अशी आठवण ह्यूस्टनने सांगितली आहे. मोठे नाव झाले नाही, पण घरचे स्वातंत्र्य राखले.

नट्यांकडे पाहिले तर थेल्मा रिटरचे नाव आधी घ्यावे लागेल. ब्रुकलिनमध्ये १९०२ साली जन्मलेली ही बाई चित्रपटात आली ती वयाच्या पंचेचाळिशीत, १९४७ साली, आणि त्या चित्रपटाच्या नामावलीत तिचे नावसुद्धा नव्हते. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' (१९५३) या चित्रपटात तिने पोलिसांना खबर विकणाऱ्या म्हातारीचे काम केले आहे. ती नेकटाय विकते, खबरी विकते आणि पैसा साठवते कशासाठी? तर आपल्याला बेवारशासारखं पुरू नये, स्वतःची जागा असावी, म्हणून. आयुष्यभर खबरी विकलेली ही बाई अखेर एका माणसाचा पत्ता विकायला नकार देते आणि त्यापायी मरते. कुक आणि रिटर दोघांचीही पात्रं कथेतली अगदी हलकी माणसं. पण चित्रपटातली इभ्रत तीच राखतात. रिटरचे नाव ऑस्करसाठी सहा वेळा सुचवले गेले. मिळाले एकदाही नाही.

नभोवाणीच्या माणसांना जवळचा वाटावा असा एक नट यांत आहे. रिचर्ड विडमार्क. तो शिकला त्या कॉलेजातच काही काळ त्याने वक्तृत्व आणि नाट्य हे विषय शिकवले. मग १९३८ साली तो न्यूयॉर्कला जाऊन रेडिओवर नाट्यवाचन करू लागला. नुसत्या आवाजावर कमावलेली कला घेऊन तो १९४७ साली 'किस ऑफ डेथ'मध्ये आला. त्यातला हसरा खुनी चाकाच्या खुर्चीवरच्या अपंग म्हातारीला जिन्यावरून ढकलून देतो. ते हसणे लोकांच्या डोक्यात इतके बसले की, त्यातून सुटायला विडमार्कला पुढची कित्येक वर्षे लागली. प्रत्यक्षात या गृहस्थाला बंदुकांचा तिटकारा होता.

आता या कथेतला काळा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांची धास्ती पसरली, आणि १९४७ पासून लोकप्रतिनिधींच्या एका चौकशी समितीने हॉलिवुडच्या माणसांना बोलावून प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्या मित्रांची नावे सांगा, नाहीतर काम बंद. ही काळी यादी कुठे टांगलेली नव्हती. फक्त फोन येणे थांबे. त्याच वर्षी 'बॉडी अँड सोल' हा चित्रपट निघाला. मुष्टियुद्धाच्या धंद्यात शिरलेल्या गुंडांची ही गोष्ट. नायक जॉन गारफिल्ड, न्यूयॉर्कच्या गरीब यहुदी वस्तीतला. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे काम कॅनडा ली या निग्रो नटाने केले. तो पूर्वी खरोखरच मुष्टियोद्धा होता. त्या काळी कृष्णवर्णीय नटांना बहुधा नोकराचीच कामे मिळत. लीने इथे मानाचे पात्र उभे केले. नायकाच्या आईचे काम ॲन रेव्हियरने केले. तिला आदल्याच काळात दुय्यम भूमिकेचे ऑस्कर मिळाले होते.

पुढे काय झालं ते पाहा. रेव्हियरला १९५१ नंतर जवळजवळ वीस वर्षे चित्रपटात काम मिळाले नाही. गारफिल्ड १९५१ साली समितीपुढे उभा राहिला आणि त्याने मित्रांची नावे दिली नाहीत. त्याचेही काम बंद पडले. कॅनडा लीवरही बहिष्कार होता. ९ मे १९५२ रोजी कॅनडा ली ४५ व्या वर्षी वारला. त्यानंतर बाराव्या दिवशी, २१ मे रोजी, गारफिल्ड गेला. वय ३९. पत्ता सांगणार नाही म्हणून मरणारी पात्रं पडद्यावर पाहून लोक टाळ्या वाजवीत होते, आणि पडद्याबाहेर नाव सांगणार नाही म्हणून माणसांची अन्नान्न दशा होत होती.

बोगार्ट प्रथम या चौकशीच्या निषेधासाठी वॉशिंग्टनला गेला, पण पुढच्याच वर्षी त्याने लेख लिहून माघार घेतली. रॉबिन्सनला समितीपुढे जाऊन आपण फसलो असे कबूल करावे लागले. त्याला मोठी कामे मिळेनाशी झाली. १९५६ च्या 'द टेन कमांडमेंट्स'ने त्याला पुन्हा वर आणले, पण घटस्फोटापायी १९५७ साली आयुष्यभर जमवलेली चित्रे विकावी लागली. याआधी १९४८ साली 'की लार्गो'मध्ये हे दोघे समोरासमोर आले होते. आता पहिले नाव बोगार्टचे, दुसरे रॉबिन्सनचे, आणि या खेपेला मेला रॉबिन्सन! पण त्या चित्रपटाचे ऑस्कर या दोघांनाही मिळाले नाही. ते मिळाले टोळीवाल्याच्या दारुड्या मैत्रिणीचे काम करणाऱ्या क्लेअर ट्रेव्हरला. एका पेल्यासाठी ती भर माणसांत गाणे म्हणते, हा तिचा प्रसंग. दिग्दर्शक ह्यूस्टनने तिला गाण्याची तालीम मुद्दाम करू दिली नव्हती. तो थरथरता आवाज खरा आहे.

रॉबिन्सनला एवढ्या वर्षांत ऑस्करसाठी साधे नामांकनही मिळाले नाही. १९७३ साली त्याला सन्मान म्हणून ते द्यायचे ठरले. २६ जानेवारीला तो वारला. समारंभ मार्चमध्ये झाला. बक्षीस त्याच्या पत्नीने स्वीकारले.

शिक्षकमंडळींना शेवटी एक विनंती. तुमच्या शाळेच्या संमेलनात नाटक बसेल. राजाच्या कामासाठी दहा मुलं हात वर करतील, आणि भालदाराचं काम उरेल ते मागच्या बाकावरच्या एखाद्या अबोल पोराला मिळेल. त्याला नुसता भाला देऊन उभं करू नका. त्याची दोन वाक्यं असतील, तर त्या दोन वाक्यांची तालीम राजाच्या तालमीइतकीच मन लावून घ्या. कार्यक्रमपत्रिकेवर त्याचं नाव छापा. आणि जमलं तर तालमीत एकदा, वेलमनसारखी, राजाची आणि भालदाराची अदलाबदल करून पाहा. कोण कुठे शोभतो हे कधी कधी आपल्यालाही तेव्हाच कळतं.